दहा जणींची अट

महामायाताई गजभारे आमच्या आरोग्य केंद्रात कधी आवाज चढवून बोलल्या, असं नऊ वर्षांत घडलं नव्हतं. त्या दिवशीही त्या हळूच बोलल्या. तरी त्यांनी विचारलेला एक प्रश्न मला अजून सोडत नाही.

मी शिवप्रसाद पंचाक्षरी. मूळचा उदगीरचा. अर्धापूर तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून सहा किलोमीटर आत असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माता आहे. गोळ्या देणं, साठा सांभाळणं आणि लसींच्या फ्रिजवर लक्ष ठेवणं, हे माझं काम. फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा बघून लिहायचं, वीज गेली की जनरेटर लावायचा. नऊ वर्षांत माझ्या ताब्यातली एकही लस खराब झाली नाही, याचा मला अभिमान होता.

महामायाताई आमच्याकडच्या वीस-बावीस आशाताईंपैकी एक. गाव बोरदरा, केंद्रापासून चार किलोमीटर. माहेर देगलूरकडचं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. वडील लिंबाजी शाळेत शिपाई होते. शाळेतला कालचा पेपर ते घरी आणायचे आणि लेकीकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या बोरदऱ्यात आल्या. नवरा आनंदराज केळीच्या गाड्या भरतो. सासू चांगुणाबाई आयुष्यभर खुरपणीला गेलेली. गणितात दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा, कडेवर लेक लुंबिनी असताना, महामायाताई दहावी पास झाल्या आणि २०११ साली आशा म्हणून लागल्या.

सुरुवातीला वरच्या गल्लीतली काही घरं त्यांना ओट्याखालीच उभं ठेवायची. त्या उभ्या राहायच्या. बाई बाहेर आली की पोलिओचा दिवस सांगायच्या, गोळ्या द्यायच्या, पुढच्या दारी जायच्या. मला एकदा म्हणाल्या होत्या, "सर, मी पाहुणी म्हणून थोडीच जाते? कामाला जाते. काम झालं की झालं."

त्या गल्लीत रत्नम्मांचं किराणा दुकान होतं. रत्नम्मा लिंगायत, माहेर निलंग्याकडचं, बोलण्यात निम्मी कानडी. त्यांचा मुलगा मल्लेश. त्याची बायको शिवकांता लातूरची, बी.कॉम. झालेली. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात शिवकांतानं महामायाताईंना आत बोलावून खुर्ची दिली आणि चहा दिला. रत्नम्मांनी पाहिलं, पण बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या घरी महामायाताई ओट्याखाली थांबल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे फ्लूच्या लसीचे खोके आले. त्यातलीच ती स्वाईन फ्लू थोपवणारी लस. चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांना, शुगर आणि बीपीच्या पेशंटना ती मोफत द्यायची होती. मी खोके मोजून घेतले, फ्रिजमध्ये लावले, सोबत आलेल्या पत्रकाची पोच सही करून दिली आणि पत्रकाचा फोटो आशाताईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. माझ्या मते माझं काम तिथं संपलं.

शिवकांताला तेव्हा सहावा महिना सुरू होता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, एका रविवारी तिला ताप आला. अंग दुखत होतं, कोरडा खोकला होता. पावसाळ्यात घरोघरी कुणीतरी खोकतच असतं. सोमवारी महामायाताईंनी तिला आमच्याकडे आणलं, डॉक्टर मॅडमनी तपासून औषध दिलं आणि श्वास जड वाटला तर तासभरही थांबू नका, म्हणून बजावलं. बुधवारी पहाटे तिला दम लागला. मल्लेशनं ताबडतोब नांदेडला हलवलं. शुक्रवारी दुपारी ती गेली. पोटातलं बाळही गेलं. रिपोर्टमध्ये स्वाईन फ्लू निघाला. ती सव्वीस वर्षांची होती.

बोरदरा सुन्न झालं. दुकानाचं शटर बंद. वरच्या गल्लीतून माणसं जाईनात. तालुक्याहून जीप आली, घरोघरी तापाचा सर्व्हे झाला, नाल्यांत पावडर पडली. महामायाताईंनी पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सगळं गाव पायांखाली घातलं. तापाचे अकरा पेशंट निघाले, त्यांना गोळ्या सुरू झाल्या. नशिबानं त्यातलं कुणी अत्यवस्थ झालं नाही.

दहाव्या दिवशी, दुपारी ओपीडी संपल्यावर, महामायाताई एकट्याच माझ्या खोलीत आल्या. चेहरा ओढलेला. उन्हातून चालत आल्या होत्या तरी पाणी नको म्हणाल्या.

"सर, स्वाईन फ्लूची सुई असती का? म्हंजे आधीच घ्यायची?"

"असते," मी म्हणालो.

"कुठं मिळती?"

मी मागं वळून फ्रिजकडं बोट केलं. "इथं आहे."

त्या एकदा फ्रिजकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिल्या.

"कवापासून?"

"जुलैपासून."

फ्रिजशेजारच्याच टेबलावर लोहाच्या गोळ्यांची पाकिटं ठेवलेली असत. दर महिन्याला त्या तिथूनच ती घेऊन जायच्या. त्या टेबलापाशी गेल्या आणि फ्रिजच्या झाकणावर हात ठेवला, आत खरंच काही आहे का ते चाचपल्यासारखा.

"जुलैमधी मी इथं चारदा आले, सर. ऑगस्टमधी तीनदा. ह्याला टेकून उभी राहिले."

"ताई, ग्रुपवर पत्रक टाकलं होतं मी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

त्यांनी फोन काढला. बराच वेळ बोट वर सारत राहिल्या. पत्रक सापडलं. फोन माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "वाचा."

मी वाचायला लागलो. 'मौसमी इन्फ्लुएन्झा प्रतिबंधात्मक लसीकरण कार्यक्रमांतर्गत अतिजोखमीच्या गटातील लाभार्थ्यांचे...'

"ह्याच्यात स्वाईन फ्लू कुठं लिव्हलंय?"

मी दोन्ही पानं वरून खालपर्यंत पाहिली. ते दोन शब्द कुठंच नव्हते. मला इन्फ्लुएन्झा म्हणजे काय ते माहीत होतं, म्हणून सगळ्यांना माहीत असेल, असं मी धरून चाललो होतो. बावीस बायांपैकी एकीनंही काही विचारलं नव्हतं आणि मलाही त्याचं नवल वाटलं नव्हतं.

महामायाताईंनी फोन बंद केला. मग तो प्रश्न विचारला.

"शिवकांताला दहा जणी आणायला कुणी सांगितलं होतं, सर?"

मला कळेना. "कुठल्या दहा जणी?"

"नऊ जुलैच्या तपासणीला मल्लेशनं तिला इथं आणलं होतं, मोटारसायकलवर. तो सकाळी सांगत होता. तिनं मोबाईलवर कुठंतरी बघितलं होतं, गरोदर बाईनं ही सुई घ्यावी म्हणून. तिनं इथं मागितली. इथले एक सर म्हणले, एका बाईसाठी बाटली फोडता येत न्हाई, दहा जणी घेऊन ये."

लसी सांभाळणारा सर केंद्रात एकच आहे. बाटली दहा जणांची येते. एकदा फोडली की ठरावीक वेळेत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते आणि वाया गेलेल्या डोसांचा खुलासा द्यावा लागतो. त्यामुळं एकटी-दुकटी बाई आली की मी हेच सांगायचो. पंधरवड्याला दोनदा-तीनदा सांगत असेन. ते वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलेलं होतं, की समोर कोण आहे ते बघायचीही गरज पडायची नाही.

मी शिवकांताचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, साठ-सत्तर बाया येतात. मला काहीही आठवलं नाही. तिनं कुठल्या रंगाची साडी घातली होती, ती काय म्हणाली, मान हलवून गेली की थांबून राहिली. काहीच नाही. त्याचा धक्का मला सगळ्यात मोठा बसला. एवढी गोष्ट माझ्या हातून झाली आणि माझ्या डोक्यात तिचा एक कण उरला नव्हता.

"मीच सांगितलं असणार, ताई," मी म्हणालो. "नियमच तसा आहे."

"दावा."

"काय?"

"नियम. कुठं लिव्हलाय त्यो दावा."

मी कपाटातून फाईल काढली. खात्री होती, म्हणून जरा घाईनंच काढली. त्या लसीसोबत आलेलं मूळ पत्रक, पाच पानांचं. व्हॉट्सॲपवर मी पहिली दोनच पानं टाकली होती. चौथ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'एकच लाभार्थी उपस्थित असला तरीही कुपी उघडण्यात यावी. कोणत्याही लाभार्थ्यास परत पाठवू नये.'

मी ते दोनदा वाचलं. मग त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटच्या पानावर पोच म्हणून माझी सही होती.

मी ज्याला नऊ वर्षं नियम समजत होतो, तो कुणी केलेलाच नव्हता. माझ्या आधीच्या माणसानं मला तसं सांगितलं होतं, त्याला त्याच्या आधीच्यानं सांगितलं असेल. खुलासा द्यावा लागू नये म्हणून कुणीतरी कधीतरी धरलेली सवय, आणि मी ती सवय अभिमानानं सांभाळली होती.

महामायाताई स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता त्या मला बोलतील. त्या खाली बघून म्हणाल्या, "ती माझ्याकडं बी आलती, सर."

"कधी?"

"दुकानात. जुलैतच. मी साखर घ्यायला गेले. सासू गल्ल्यावर बसलेली. शिवकांता हळूच म्हणली, ताई, मला दहा जणी मिळतील का हो जमा करायला? मी म्हणले, दहाच कामून, सगळी गल्ली येईल की. मला वाटलं डोहाळजेवणाचं इचारून राहिली. सातवा लागणारच होता." त्या थांबल्या. "रत्नम्माला पोटुशी बाईनं सुया घेतलेलं आवडायचं न्हाई. म्हणून ती सासूसमोर सुईचं नाव घेऊ शकली न्हाई. आन् मी हसून पुढं गेले. नंतर ती लातूरला पंधरा दिवस माहेरी गेली, मी इसरून गेले."

त्या रडल्या नाहीत. दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसून राहिल्या, आपलेच हात ओळखीचे नसल्यासारख्या त्यांच्याकडं बघत.

डॉक्टर मॅडम आल्या. वयानं आम्हा दोघांपेक्षा लहान, पहिलीच नेमणूक. त्यांना मी सगळं सांगितलं, पत्रक दाखवलं. त्या म्हणाल्या, "लस घेतली असती तर ती नक्की वाचली असती, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण वाचण्याची संधी खूप वाढली असती." मग त्यांनी विचारलं, "किती डोस शिल्लक आहेत?"

"तीनशे चाळीस."

"दिले किती?"

"साठ." त्यातले बरेचसे आम्हीच, केंद्रातल्या लोकांनी घेतले होते.

महामायाताई उठल्या. "मॅडम, उद्या सकाळी सहाला लसीचा डबा बोरदऱ्याच्या फाट्यावर पाठवा. बाया खुरपणीच्या टेम्पोची वाट बघत तिथं थांबत्यात. दहाला तुमची ओपीडी उघडती तवा त्या रानात असत्यात. इथं कुणीच येऊ शकत न्हाई." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पण आधी रत्नम्माकडं जायचंय. तुमी बी चला."

मला जायचं नव्हतं, हे कबूल करतो. मी म्हणालो, आता त्या घराला आणखी दुःख कशाला द्यायचं. त्या म्हणाल्या, "मल्लेशला अर्धं ठाऊक हाय. उरलेलं दुसऱ्या कुणाकडून कळण्यापरीस आपल्याकडून कळू द्या."

संध्याकाळी पाचला आम्ही गेलो. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. रत्नम्मा आत, जमिनीवर, भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर विभूती. मला बघून त्यांनी विचारलं, "तू कुणाचा?"

"उदगीरच्या पंचाक्षरींचा, अव्वा."

आपल्याच समाजाच्या माणसाला बघून त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. तेवढ्यानं मला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मल्लेश दारात उभा होता. महामायाताईंनी आधी आपलं सांगितलं. दुकानात शिवकांता काय म्हणाली, आपण काय समजलो, सगळं, जसं घडलं तसं. मग माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं की लस होती, तिनं ती मागितली होती, आणि मी तिला दहा जणी आण म्हणून परत पाठवलं. नियम तसा नव्हता, हेही सांगितलं.

मला वाटलं रत्नम्मांना नीट कळलं नसावं. मग त्या पुटपुटायला लागल्या. आधी मला मंत्र वाटला. नीट ऐकलं तर त्या नावं घेत होत्या. "समोरची पार्वतीबाई. तिच्या दोन सुना. गिरणीवाल्याची बायको. तिची नणंद. मी. माझी जाऊ. तिची लेक..." एकेक बोट मिटत गेलं. दहावं बोट मिटलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"ह्याच गल्लीत होत्या की दहा जणी," त्या म्हणाल्या. "मला इचारलं असतं तर मी घेऊन आले असते. न्हाई म्हणले असते, भांडले असते, पण आणल्या असत्या. ती मला का न्हाई बोलली?"

मल्लेश एकदम बाहेर निघून गेला. रत्नम्मांनी कानडीत मला सांगितलं, आता जा. रागानं नाही, नुसतं जा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सहाला मी आणि आमच्या केंद्रातल्या शिवानी सिस्टर डबा घेऊन फाट्यावर पोचलो. महामायाताई आधीच उभ्या होत्या. तीस-पस्तीस बाया, डोक्यावर भाकरीची गठोडी, हातात खुरपी. आम्हाला बघताच त्या मागं सरकल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. त्यांच्यातली एक म्हणाली, "हीच का ती सुई? शिवकांताला दिलती ती?"

आम्ही थक्क झालो. गावात भलतीच गोष्ट पसरली होती. शिवकांता नऊ तारखेला केंद्रात गेली, सुई घेतली आणि त्यानं मेली. न दिलेल्या लसीवर तिचा जीव घेतल्याचा आळ आला होता. शिवानी सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या, "सर, आज जाऊ या परत. हे काही जमणार नाही."

महामायाताई बायांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "तिला सुई दिलीच न्हाई," त्या म्हणाल्या. "ती मागायला गेली, तर दहा बाया आण म्हणले. ती माझ्याकडं आली, तर मला समजलं न्हाई. सुई न मिळता गेली ती. ह्याच्यात सरांची चूक हाय, माझी बी हाय. ज्याला मला बोलायचं हाय त्यानं बोला. पण पोटुशी असल, शुगर असल, बीपी असल, तर सुई घेऊन मग बोला."

टेम्पो आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं काठी टेकत एक म्हातारी आली. चांगुणाबाई, महामायाताईंची सासू. सत्तरीची, बीपीच्या गोळ्या चालू. घरून कुणाला न सांगता चालत आली होती. फाट्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसली आणि दंडावरची चोळी वर सारून म्हणाली, "दे बाय. मला आधी दे. मी मेले तर हिच्या घरात मेले, गावाला तरास न्हाई."

त्या एका म्हातारीसाठी मी बाटली फोडली. शिवानी सिस्टरनी टोचली. चांगुणाबाई अर्धा तास तिथंच बसून राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. टेम्पोनं वाट पाहिली नाही, बऱ्याच बाया गेल्या. तिघी थांबल्या, एक आठव्या महिन्याची, दोघी शुगरवाल्या. त्यांनी घेतली.

चार जणी. उरलेले सहा डोस ठरल्या वेळी मी टाकून दिले. खुलाशाच्या कागदावर कारण लिहिलं, 'चारच लाभार्थी आले होते.' खुलासा म्हणजे एक ओळ होती. ती एक ओळ लिहावी लागू नये म्हणून मी नऊ वर्षं माणसं परत पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी अकरा बाया आल्या. तिसऱ्या दिवशी सव्वीस. आठव्या महिन्यातली ती बाई ठणठणीत आहे, हे सगळ्या गावानं बघितलं होतं. मग महामायाताईंनी जागा वाढवल्या. पिठाच्या गिरणीपाशी संध्याकाळी, कारण शुगरवाल्या म्हाताऱ्या दळण घेऊन तिथं बसतात. बुद्धविहाराच्या ओट्यावर रविवारी. गुरुवारच्या बाजारात, जिथं भोकरकडच्या वस्तीवरच्या बाया भाजी घेऊन येतात. आनंदराजनं केळीच्या गाडीवरच्या सात हमालांना ओढून आणलं, त्यातल्या तिघांना शुगर निघाली. त्यांना ती आजवर माहीतच नव्हती. मॅडम ते आकडे बघून डोक्याला हात लावून बसल्या.

महामायाताई कुठंही इन्फ्लुएन्झा हा शब्द वापरत नव्हत्या. माझ्याकडून एक पुठ्ठा मागून नेला आणि त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'स्वाईन फ्लूची सुई इथं भेटती. एकटं आलं तरी चालतं.' दुसरी ओळ त्यांनी ठळक केली होती. बाकीच्या आशाताईंनी त्या पुठ्ठ्याचा फोटो मागून घेतला आणि आपापल्या गावात तसाच लिहिला. सप्टेंबर संपेपर्यंत माझ्या फ्रिजमधली ती लस संपली. चोवीस डोस वाया गेले.

त्यानंतर मी एक पत्र लिहिलं. वरिष्ठांना. नऊ जुलैला एका गरोदर बाईला मी चुकीनं परत पाठवलं, तिचा मृत्यू झाला, चौकशी व्हावी. मॅडमनी ते पुढं पाठवलं. मी रोज वाट बघायचो. वाया गेलेल्या चोवीस डोसांबद्दल विचारणा आली, आठवड्याच्या आत. मी पत्रकातली ती ओळ जोडून उत्तर दिलं, विषय मिटला. शिवकांताबद्दल मात्र कुणीही, काहीही विचारलं नाही. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटायला लागली. मी महामायाताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमाला शिक्षा झाली असती तर तुमी मोकळे झाला असता. आता जल्मभर सुया द्या." त्यांनी हे दुष्टाव्यानं म्हटलं नव्हतं. कुणाला औषध कसं घ्यायचं ते सांगावं, तसं म्हटलं होतं.

आता दोन वर्षं झाली. या जुलैत लस आली त्या संध्याकाळी महामायाताई यादी घेऊन हजर होत्या. गावातली प्रत्येक गरोदर बाई, प्रत्येक शुगर-बीपीचा माणूस, कोण किती वाजता कुठं सापडतो, सगळं लिहिलेलं. देगलूरकडच्या एका वीटभट्टीवर तेलुगू बोलणारी मजूर कुटुंबं पावसाळ्यातही राहिली आहेत, असं कळल्यावर मॅडमनी तिथल्या केंद्राला फोन करून महामायाताईंना दोन दिवस तिकडं पाठवलं. तिथली भाषा त्यांच्या माहेरची. परत आल्या तेव्हा आवाज बसला होता. "एका घरात सहा जण अन् एकालाबी ह्या सुईचं नाव ठाऊक न्हाई," त्या म्हणाल्या. दोन वर्षं हेच काम करूनही त्यांना त्याचा धक्का बसतो. मला तो बसेनासा झाला होता, म्हणून मला त्यांचा हेवा वाटला.

मल्लेशनं दुकान पुन्हा उघडलं. त्यानं दुसरं लग्न केलेलं नाही. फाट्यावरच्या लसीकरणाला तो सतरंजी आणि पाण्याचा जार पाठवतो, स्वतः येत नाही.

रत्नम्मांना शुगर आहे. यादीत त्यांचं नाव वरच्या गल्लीत पहिलं आहे. महामायाताई दर वर्षी त्यांच्याकडं जातात, आत बसतात, तारीख आणि वेळ सांगतात. रत्नम्मा ऐकून घेतात, चहा देतात, आणि येत नाहीत. या वर्षीही आल्या नाहीत. मी म्हणालो, ताई, आता त्यांचं नाव काढून टाकू का. त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "अजून चौदा डोस हायत ना? मंगळवारी परत जाते."